डावी मोहरी बोटभर वर

मास्तरांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते तलाठ्याला भर रस्त्यात मांडी घालून बसवत होते.

तलाठी नवी पँट घालून दुकानासमोर उभा होता. बैलबंड्या चालल्या होत्या. समोरच्या पानठेल्यावर काही माणसं उगीचच उभी होती. मास्तर म्हणाले, "बसा."

"मास्तर, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. पंगतीत काय लोक नसतेत?"

तलाठी खाली बसला. मास्तर त्याच्या मागं जाऊन, कमरेत वाकून, पँटच्या बैठकीची शिवण निरखत उभे राहिले. म्हणाले, "आता भाकर मोडा."

"भाकर कुठं आहे?"

"मोडा म्हणतो ना."

तलाठ्यानं नसलेली भाकर मोडली, नसलेल्या वरणात बुडवली आणि तोंडात घातली. पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "तलाठीसाहेब, मीठ कमी आहे का?" मास्तरांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. "उठा," म्हणाले. तलाठी उठला. काही फाटलं नाही. मास्तरांनी मान हलवली. "न्या. आता कुठंही घाला."

मी हातात गाठोडं घेऊन हे बघत होते. मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. मग वाटलं, असू दे. वेडा असला आणि काम देणार असला तर चालेल.

मी मूळची इकडची नाही. कोल्हापूरकडच्या एका उसाच्या गावातून लग्न करून पुलगावला आले. नवरा माल चढवण्याच्या कामावर होता. तो एका कंत्राटदाराबरोबर रायपूरकडं गेला तो गेलाच. त्याची वाट बघण्यात घरभाडं थकायला नको म्हणून मी काम शोधत फिरत होते. कोणीतरी सांगितलं, नाचणगावच्या रस्त्यावर एक टेलर आहे, डोक्यानं जरासा असा आहे, पण माणूस बरा आहे.

"काय येते?" मास्तरांनी विचारलं.

"तुरपाई येते. काज-बटण येतं."

"शाळा?"

मला धडकीच भरली. "सहावीत सोडली."

"मी चौथीत सोडली," मास्तर म्हणाले. "म्हणजे या दुकानात तूच शिकलेली."

दुकानामागची खोली त्यांनी मला दिली. तरी बरेच दिवस मी गाठोडं सोडलं नाही. लागेल ते लुगडं त्यातून काढायचं, बाकीचं पुन्हा बांधायचं. कोणी मोठ्यानं हाक मारली की वाटायचं, आता जा म्हणणार. एक दिवस मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला न विचारता गाठोड्याचं फडकं धुतलं आणि त्याच्यावर पापड वाळत घातले. कपडे ठेवायला मग भिंतीला खुंट्या ठोकाव्या लागल्या. या घराचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत. त्यातला हा पहिला.

*

मास्तर फक्त गोल्फची पँट शिवत. म्हणजे गिऱ्हाईक शेतकरी असो, शाळामास्तर असो की नवरदेव असो, पँट गोल्फचीच.

पुलगावला लष्कराची छावणी आहे आणि छावणीच्या मागं साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं. मैदान म्हणजे हिरवळ वगैरे काही नाही. ज्या भोकात चेंडू घालायचा, त्याच्याभोवती तेल शिंपडलेली वाळू पसरलेली असायची, आणि बाकी सगळी आपली काळी माती. पोरवयात मास्तर तिथं पुढं पळायच्या कामावर होते. साहेबानं चेंडू मारला की तो कुठं पडला ते बघून तिथं उभं राहायचं. एका इंग्रज साहेबानं जाताना त्यांना आपली जुनी पँट दिली. मास्तरांनी ती घातली नाही. तिची शिवण न् शिवण उसवली, तुकडे जमिनीवर मांडले आणि तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून त्याच्यावर त्यांचे साचे कापले. हा पत्र्याचा खाका दुकानात खिळ्याला लटकलेला असे. त्याला मास्तर 'साहेब' म्हणत.

"साहेबाले उतरव," असं म्हणाले की मी खाका काढून द्यायची. गिऱ्हाईक फार चिकित्सा करायला लागलं, खिसे असे करा, चुण्या काढून टाका म्हणायला लागलं, की मास्तर खाक्याकडं बघून म्हणत, "साहेब नाई म्हणते."

या पँटची ओळख म्हणजे डाव्या पायाची मोहरी. ती उजवीपेक्षा बोटभर वर असायची. बाकीचे टेलर कापड दुमडून दोन्ही पाय एकदम कापतात. मास्तरांकडं उजव्या पायाचा पत्रा वेगळा आणि डाव्याचा वेगळा. मी नवीन असताना तुरपाई करताना दोन्ही मोहऱ्या एकसारख्या करायला गेले, तर मास्तरांनी हातातून पँटच काढून घेतली.

"हा गोल्फ कट आहे. गोल्फमधी सारा जोर डाव्या पायावर येते. मोहरी वर पाहिजे, बूट मोकळा पाहिजे. डावा बूट बॉलकडं पाहत असते."

मला ते पटलं. सगळ्या गावालाच पटलेलं होतं. नाचणगावात ज्याची डावी मोहरी बोटभर वर, तो मास्तरांचं गिऱ्हाईक, म्हणजे जरा टापटिपीचा माणूस. एका मेजरसाहेबानं म्हणे एकदा डावा पाय खाली सोडून मागितला होता. मास्तरांनी त्यालाही गोल्फ कट समजावून दिला. मेजर ऐकून घेऊन, सलाम ठोकून, तशीच पँट घेऊन गेला.

मास्तर स्वतः बदामी रंगाची चुण्यांची पँट, कॉलरचा आखूड बाह्यांचा बनियनसारखा शर्ट, पुढं चोच असलेली पांढरी टोपी आणि दोन रंगांचे बूट घालत. या वेशात ते बँकेत जात, बाजारात भेदरं म्हणजे टमाटे निवडत, शेतात म्हशीला पाणी पाजत. गोल्फचा चेंडू त्यांनी जन्मात कधी मारला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणत, "मारायची काय गरज? पँट मारता येईल अशी पाहिजे."

त्यांची तपासणी तीन गोष्टींची. वाका, फिरा, बसा. वाका म्हणजे जमिनीवर चेंडू ठेवल्यासारखं वाकायचं. फिरा म्हणजे दुकानातला लाकडी गज दोन्ही हातांत धरून चेंडू मारल्यासारखा कमरेतून फिरवायचा. पहिल्या दोन गोष्टी मैदानातल्या. तिसरी, मांडी घालून जेवायला बसायची, त्यांनी स्वतः घातलेली.

मी एकदा विचारलं, "मास्तर, साहेब लोक कुठं मांडी घालून जेवतात?"

"साहेब नाई जेवत. आपण जेवतो." मग सुईत दोरा ओवत, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "आमाले लहानपणी पंगतीत बसवत नव्हते. सारे उठले का मंग आमी, तेही बाहेर. आता बसवतेत. तर मंग पँट फाटून उठाचं काऊन?"

दोरा ओवला गेला. ते पुन्हा मशीनवर बसले.

*

ते दिवस बेलबॉटमचे होते. वर्ध्याहून कोणी पोरगा आला की त्याच्या पायात घागऱ्याएवढ्या मोहऱ्या. नाचणगावचे पोट्टे मास्तरांकडं येऊन विनवण्या करायचे. मास्तर त्यांना पाणी द्यायचे, बसवायचे आणि विचारायचे, "पँट पाहिजे का नाल्याचा पाईप?"

एका पोरानं वर्ध्याला जाऊन शिवून आणली आणि मुद्दाम सायकलवरून दुकानासमोरून हळू गेला. त्याची मोहरी चेनमध्ये अडकली. तो, सायकल आणि कॅरियरवरचं दळण असं सगळं मास्तरांच्या पायरीशी येऊन पडलं. मास्तर उठले. कात्री घेऊन गेले, अडकलेलं कापड कापलं, पोराला उभं केलं, पीठ गोळा करून दिलं आणि एक अक्षर न बोलता परत येऊन बसले. पोरगा लंगडत गेला. मी म्हटलं, "मास्तर, काहीतरी बोलायचं होतं."

"काऊन? चेनी बोलली ना."

काकूंचा मात्र या पँटांवर राग होता. त्याला कारण होतं. काकूंचे भाऊ वारले तेव्हा मास्तर मयताला तपकिरी चौकड्यांची पँट घालून गेले. सगळे पांढऱ्यात, आणि खांदा देणाऱ्यांत पुढं हे चौकडे. पाऊस होऊन गेलेला, वाटेत नाला. लोकांची धोतरं चिखलात भरली, पायजमे गुडघ्यापर्यंत गेले, दोघं घसरले. मास्तर सरळ नाल्यात उतरले, वाकले, वळले, पलीकडं चढले. डावी मोहरी वर असल्यामुळं डाव्या पायाला चिखल कमी लागला, असं त्यांचं म्हणणं होतं.

विधी आटोपून घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "अजी, माह्या भावाच्या मयताले तुमी तमाशा करून आले."

मास्तर टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "दोन ऑर्डरी घेऊन आलो."

काकू पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवायचं ताट वाढायच्या आणि माझ्याकडं बघून म्हणायच्या, "गोल्फवाल्याले सांग, जेवण वाढलं."

*

दिवाळीच्या आधी दोन गोष्टी झाल्या. माझ्या दादानं निरोप पाठवला की दिवाळी झाली की तो येणार आणि मला घेऊन जाणार. आणि मास्तर सायकलवरून पडून त्यांचा उजवा हात मनगटात मोडला.

सेवाग्रामच्या दवाखान्यात प्लॅस्टर घातलं. घरी आल्यावर खाटेवर बसले, हाताकडं बघितलं, आणि मला म्हणाले, "साहेबाले उतरव. कापजो."

मी म्हटलं, "मी? कापू?"

"मंग काय म्हैस कापते?"

मी तोवर कापडाला कात्री लावलेली नव्हती. कापड वाया जाईल ही भीती होती. पण त्यापेक्षा मोठी भीती घरी जायची होती. दादा वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती. पण नवऱ्यानं सोडलेली बहीण म्हणजे घरात एक जास्तीचं ताट, आणि त्या ताटासाठी जन्मभर सगळ्यांच्या आधी उठायचं. इथं माझ्या खुंट्या होत्या. कापता आलं तर मला धंदा होता. नाही आलं तर गाठोडं होतं.

मी कापायला लागले आणि गिऱ्हाईक यायचं बंद झालं. "हात बरा होऊ द्या मास्तर, घाई नाई," असं लोक म्हणायचे. पानठेल्यावर मागं बोलायचे, बाईमाणसानं कापलेली पँट कोण घालते? तलाठीसुद्धा कापड परत घेऊन गेला.

अशात छावणीत आलेल्या नव्या साहेबाची जीप दुकानासमोर थांबली. गोल्फच्या सामन्याचा दिवस ठरला होता. खेळ संपला की तिथंच तंबूत पाहुण्यांबरोबर जेवण होतं, मध्ये कपडे बदलायला वेळ नव्हता. साहेब म्हणाला, "मास्टर, ऐसी पतलून चाहिए जो ग्राउंड पे भी चले और बाद में पार्टी में भी." नमुना म्हणून त्यानं आपली विलायती पँट टेबलावर ठेवली आणि बाकीच्या खेळाडूंच्या जुन्या पँटा मापाला ठेवल्या. जाताना टोपीला हात लावला. मास्तरांनीही लावला. दोघांच्या टोप्या सारख्याच होत्या.

नमुना मी जमिनीवर पसरला. एक पाय दुसऱ्यावर ठेवला. दोन्ही मोहऱ्या बरोबर एकावर एक.

"मास्तर, ही सारखी आहे."

"शिवणाऱ्याची चूक असंन."

मी मापाला आलेल्या बाकीच्या पँटा एकेक करून दाखवल्या. सगळ्या सारख्या.

मास्तर खाटेवरून उठले. दुकानाबाहेर रस्त्यावर गेले आणि प्लॅस्टरचा हात छातीशी धरून चालून दाखवायला लागले. "तो इंग्रज साहेब असा चालायचा. असा. मोठ्या ऐटीत. पहा." डावा पाय पडला की खांदा जरा खाली जायचा आणि पुढच्या पावलाला झोकात वर यायचा. गेले, वळले, आले. लहानपणी त्या साहेबाच्या पुढं पळत, मागं वळून वळून त्यांनी ती चाल पाठ केली होती हे दिसत होतं.

काकू पायरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अजी, तो लंगडत होता."

मास्तर रस्त्यात थांबले.

"ऐटीत चालायचा," ते म्हणाले.

"ऐट दोन्ही पायात असते," काकू म्हणाल्या, आणि एक खडा काढून टाकला.

मास्तर आत आले. खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजले. दुपारचं जेवले नाहीत. काकूंनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा त्यांच्या डोक्याशी पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. मी मशीनजवळ बसले होते. मला वाटलं, मी तो पाय पायावर ठेवायला नको होता. एवढं गाव, एवढी वर्षं, लग्नं, बारशी, मयत, आणि सगळीकडं बोटभर वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उठले, टोपी घातली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "साहेब लोकायचे सारखे कापजो."

"आणि गावाचे?"

"गावाचे आहे तसेच."

"काऊन मास्तर?" मीही तोवर काऊन म्हणायला लागले होते.

"आता घरोघर जाऊन सांगू का, का लेकहो, तुमी लंगड्याची पँट घालून राह्यले?" मग म्हणाले, "अन् कोणाचं काय बिघडलं? फाटली का एक तरी पंगतीत?"

*

दादा आला त्या दिवशी साहेब लोकांच्या पँटा इस्त्री होऊन ठेवलेल्या होत्या.

तो दारात उभा राहिला. धोतर, पटका, हातात पिशवी. काकूंनी पाण्याचा पेला पुढं केला. दादा म्हणाला, "नगं. स्टेशनावर पिलोय." नंतर मला बाजूला घेऊन हळू विचारलं, "तू यांच्यातच जेवतीस व्हय?"

मी म्हटलं, "हो."

 पिशवी त्यानं खाली ठेवली नाही.

जीप आली. साहेब स्वतः आला होता. मास्तरांनी त्याला पँट घालायला लावली आणि रस्त्यावर उभं केलं. साहेब वाकला, गज घेऊन फिरला. मास्तर म्हणाले, "अब बैठो."

"नीचे? मास्टर, हम तो टेबल पे खाते हैं."

"पतलून को क्या मालूम साहब, आप कहाँ खाते हो."

साहेबानं ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हर दुसरीकडं बघायला लागला. साहेब खाली बसला, उठला, आणि सगळ्या पँटा घेऊन गेला. पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, "साहेबाचा डावा पाय लांब झाला रे. बाईनं बिघडवला."

दादानं हे ऐकलं. तो मास्तरांसमोर आला. "मास्तर, एक इचारू? खरं सांगा. हिला तुमी ठेवलीय, ते हिचं काम हाय म्हून, का उपकार म्हून? उपकार असंल तर मी आत्ताच घिऊन जातो. आमच्यात उपकाराचं खायाची सवय न्हाई."

मी मशीनला धरून उभी होते. मला वाटलं, मास्तरांनी आता चांगले चार शब्द बोलावेत. म्हणावं, मुलगी कष्टाळू आहे, हात चांगला आहे. मास्तरांना असलं काही येत नव्हतं.

ते म्हणाले, "तुमी पँट घालता का?"

"मी? न्हाई. धोतर बरं."

"मंग घाला."

तलाठ्यानं परत नेलेल्या कापडासारखंच एक राखी कापड दुकानात होतं. त्याची एक पँट मी शिकण्यासाठी कापली होती, गावाच्या मापानं, गोल्फ कटची. दादाला ती कमरेला थोडी सैल झाली, मास्तरांनी एका हातानं पट्टा आवळून दिला. दादा बाहेर आला. एवढा मोठा माणूस, पटका तसाच, आणि खाली चुण्यांची पँट. माणसं जमली. तलाठीही आला.

"डावा पाय वर आलाय," दादा म्हणाला.

"गोल्फ कट आहे," पानठेल्यावरून दोघांनी एकदम सांगितलं.

"वाका," मास्तर म्हणाले. दादा वाकला. "फिरा." दादानं गज हातात घेतला आणि ऊस तोडल्यासारखा फिरवला. मास्तर म्हणाले, "तेही चालते. आता बसा."

दादा बसला. मांडी घातली. तलाठी मधेच म्हणाला, "आता भाकर मोडाची. अशी."

तेवढ्यात काकू आतून आल्या. हातात ताट होतं. त्यात ज्वारीची भाकर, वरण, आंब्याचं लोणचं. त्यांनी ते दादापुढं रस्त्यावर ठेवलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"हे काऊन?" मास्तरांनी विचारलं.

"रोज हवा खाऊन पँट तपासता. आज जेवून तपासा," काकू म्हणाल्या.

 दादानं ताटाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, तो आता उठणार. मी मनात खुंट्यांवरचे कपडे उतरवायलाही सुरुवात केली होती.

दादानं भाकर मोडली. वरणात बुडवली, खाल्ली. दुसरा घास घेतला. लोणच्याची फोड चोखली. तो सगळी भाकर जेवला, पेल्यातलं पाणी घटाघटा प्याला, आणि हात धुवायला उठला.

मास्तर त्याच्या मागंच वाकून उभे होते. त्यांनी शिवण निरखली आणि मला म्हणाले, "फाटली नाई वं."

दादा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. धोतर पिशवीत, पँट अंगावर. जाताना मला एवढंच म्हणाला, "येत जा मधनंमधनं." चल म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी तलाठी कापड घेऊन आला आणि म्हणाला, "तुमीच कापा बाई. पण पाय वर पाहिजे. साहेबासारखा बिघडवू नका."

*

मास्तरांचा हात जुळला पण कात्री पुन्हा त्यांच्या हातात बसली नाही. ते बाहेर खुर्ची टाकून वाका, फिरा, बसा करत आणि आत मी कापत असे. काही वर्षांनी ते गेले. बदामी पँट, टोपी, बूट, सगळं काकूंनीच घालून दिलं. खांदा देणारे सगळे आमचीच गिऱ्हाइकं. नाल्यात उतरले, वळले, चढले. मागून बघताना प्रत्येकाची डावी मोहरी बोटभर वर दिसत होती. काकू माझा हात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पहाय, सारे कसे ऐटीत चालून राह्यले."

त्यानंतर भाचीच्या लग्नाला मी गावी गेले. मांडवात पंगत बसली होती आणि मी वाढायला उभी होते. भात वाढत वाढत ओळीनं गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं. मांडी घातलेल्या तरण्या पोरांच्या पँटा चुण्यांच्या होत्या आणि उठून हात धुवायला निघालेल्यांचा डावा घोटा उघडा दिसत होता. दादानं त्याची राखी पँट विरेपर्यंत घातली होती. शेतात, बाजारात, साखर कारखान्यावर. कोणीतरी ती तिथल्या टेलरला दाखवली होती.

थोरला भाचा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. नवीन पँट होती. पाय जरा पुढं करून म्हणाला, "आत्या, ह्याला गोल्फ कट म्हंत्यात. तुमच्या तिकडं आलाय का न्हाई अजून?"

दादा पलीकडं पान खात बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि वर मांडवाकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "येईल हळूहळू." आणि त्याला पंगतीत बसवून भात वाढला.